वळणापर्यंतचा सिनेमा

दुपारी तीन वाजता ट्रक घाटाच्या वळणावर आला आणि कृष्णनाथने रिमोटचं बटण दाबलं. चित्र जागच्या जागी थांबलं. ट्रकचं डावं चाक रस्त्याच्या कडेला, आणि त्याखाली नुसतं धुकं. सोफ्यावर बसलेल्या कृष्णनाथचा उजवा पाय ब्रेक दाबावा तसा लादीवर दाबलेला होता.

त्याच्या बायकोने, भाग्यलक्ष्मीने, त्या पायाकडे पाहायचं टाळलं. ती पंखा वाढवायला उठली.

"फुडे काय जाता गो?" त्याने विचारलं.

"तुमका सांगलंय मां. जरासो हलता, मगे उतरता. पावता खाली."

"पुराय बघलंस तू? शेवटापर्यंत?"

"पुराय बघलंय."

डिचोलीला दवाखान्यात बसणाऱ्या समुपदेशक सुविधाबाईंनी भीती घालवायची ही रीत सांगितली होती. गाडीचा सिनेमा लावायचा. छाती आवळली की थांबवायचा, श्वास घ्यायचा, उद्या थोडं पुढे जायचं. शेवट मात्र चांगला असू दे, त्यांनी बजावलं होतं. ट्रक कृष्णनाथच्या ट्रकसारखाच दिसला म्हणून दोघांनी हा सिनेमा निवडला. "शेवट पाहिला आहे ना?" बाईंनी विचारलं तेव्हा भाग्यलक्ष्मी न पाहताच हो म्हणाली. ट्रक खाली पोचणार नाही, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

गेल्या वर्षी नदीवरच्या जेटीच्या उतारावर खनिजाने भरलेल्या कृष्णनाथच्या गाडीचे ब्रेक गेले. क्लीनर दत्ताराम उडी टाकून चाकाखाली उटी सारायला धावला. चाक त्या लाकडी ठोकळ्यावरून गेलं, त्याच्या पावलावरून गेलं, आणि गाडी तांबड्या मातीच्या दरडीत घुसून थांबली. तेव्हापासून कृष्णनाथ स्टिअरिंगसमोर बसला नव्हता. ती उटी त्याने घरी आणली. वाऱ्याने आपटू नये म्हणून पुढच्या दाराला तीच लावलेली असे.

मागच्या आठवड्यात तो केस कापायला गेला असताना भाग्यलक्ष्मीने एकटीने सिनेमा पुढे नेला. ट्रक हलला. मग कडेवरून खाली गेला. धुक्यातून आवाज येत राहिला, तोही थांबला. त्यानंतर ड्रायव्हरची बायको दारात उभी होती आणि नावं वर सरकू लागली. जिथे सोडावा तिथूनच सिनेमा पुन्हा सुरू होतो, हे आठवून तिने तो घाईघाईने मागे नेला, बरोबर वळणावर. हात पुसून ती भाकऱ्या थापायला गेली. पहिली भाकरी तव्यावर करपली.

शनिवारी दत्ताराम लंगडत आला. खाणीवरच्या गाड्या पुन्हा सुरू होत होत्या, मालकाने कृष्णनाथला सोमवारी बोलावलं होतं.

"सिनेमा बघून गाडी चलयतलंस तू?" तो म्हणाला. "मगे माका पण दाखय. पाय जुळता काय बघतंय."

कृष्णनाथ हसला. कितीतरी महिन्यांनी हसला, म्हणून भाग्यलक्ष्मीच्या तोंडाशी आलेलं तोंडातच राहिलं. आत्ता सांगितलं तर हा पुन्हा त्या सोफ्यावर जाऊन बसेल. नाही सांगितलं तर?

रविवारी ती कोरगावला आईकडे जाऊन आली. परतली तेव्हा तो अंगणात गाडीवर घालायचा शर्ट वाळत घालत होता. त्या दिवशी त्याने सिनेमाचं नाव काढलं नाही. तिनेही काढलं नाही.

सोमवारी सकाळी त्याने पाव चहात बुडवून खाल्ला, देवाला हात जोडले आणि दाराशी वाकून उटी उचलली. दार आपटलं.

"ती कित्याक?"

"आसूं दी गाडीत."

"अहो," ती म्हणाली. "तो सिनेमा..."

तो पायरीवर थांबला. तिच्याकडे वळून पाहत राहिला.

"तू सांगलंस मां, पावता म्हणान," तो म्हणाला. "मगे जालां तर."

तो गेला. ती बराच वेळ दार हाताने धरून उभी होती.

दुपारी तीन वाजता, रोजच्या सवयीने, तिने टीव्ही लावला. वळणावरचा ट्रक दिसेल म्हणून तिने आधीच श्वास रोखून धरला होता. ट्रक दिसला नाही. काळ्या पडद्यावर पांढरी नावं वर सरकत होती, शेवटची काही उरली होती.

तिने तर सिनेमा वळणावर आणून ठेवला होता. शनिवारीही त्यांनी तो तिथेच थांबवला होता. रविवारी घरात तो एकटाच होता.

तिने फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. मग दत्तारामला लावला.

"कित्याक भियेतंस गो वहिनी? थंय रेंज नसता. थांब, विचारतंय."

फोन कानाशी धरून ती सोफ्याच्या कडेला बसली. उटीवाचून दार वाऱ्याने उघडत होतं, आपटत होतं. आपला उजवा पाय लादीवर दाबलेला आहे हे तिला दिसलं. तो उचलावा असं तिला वाटलं, पण उचलला नाही.

दत्ताराम परत बोलू लागला तेव्हा त्याचं बोलणं सावकाश झालं होतं. कृष्णनाथची गाडी अडीचला भरून खाणीवरून निघाली होती. जेटी वीस मिनिटांवर, तिथे ती अजून पोचलेली नव्हती.