साखळी तुटता कामा नये

मतदानाच्या दिवशी दोंडाईच्याच्या लहानशा चर्चमध्ये साखळी प्रार्थना ठेवायची, ही कल्पना रतिलालभाऊंची. रतिलालभाऊ म्हणजे मंडळीचे थोरले पंच. त्यांच्या कल्पना चांगल्याच असतात, फक्त त्या पार पाडायला दुसरी माणसं लागतात. आदल्या रविवारी उपासना सुटता सुटता ते उभे राहिले आणि म्हणाले, देशाची निवडणूक आहे, आपण मूठभर माणसं, आपल्या हातात काय आहे, तर गुडघे आहेत. मतदान सुरू झाल्यापासून संपेपर्यंत वेदीपुढे कोणी ना कोणी प्रार्थनेत असलं पाहिजे. दर तासाला माणूस बदलेल, पण पुढचा आल्याशिवाय आधीच्याने उठायचं नाही. "साखळी तुटता कामा नये," असं त्यांनी दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना का कोण जाणे, रत्नाकडे पाहिलं.

वळवी पाळकसाहेबांनी त्याला जोड दिली, की नुसती प्रार्थना करून थांबू नका, मतही द्या, दोन्ही देवाचीच सेवा आहे. सगळ्यांनी आमेन म्हटलं. दोन्ही सेवा एकाच माणसाने एकाच दिवशी कशा करायच्या, हे कोणी विचारलं नाही.

सकाळचे थंड तास म्हाताऱ्यांनी घेतले, उरलेले ज्याने त्याने सोयीने वाटून घेतले आणि भर बाराचा तास रत्नाच्या पदरात पडला. तू तरुण आहेस, तुला झेपेल. कडेवर दहा महिन्यांची शेरोन आहे म्हणावं, तर लताबाई म्हणाल्या, तिलाही घेऊन ये, लेकरांचं देव आधी ऐकतो. लताबाई मिशन दवाखान्यातल्या निवृत्त नर्स, आणि रत्नाच्या पाठोपाठचा तास त्यांचाच होता. म्हणूनच रत्ना हो म्हणाली. एक वाजता लताबाई आल्या की घरी जायचं, शेरोनला खिमट भरवायचं, आणि ऊन थोडं कललं की शाळेत जाऊन मत द्यायचं.

कारण या वेळी तिला मत द्यायचंच होतं. पहिल्या निवडणुकीत ती जळगावला कॉलेजात होती आणि नाव माहेरी, बोदवडला. परीक्षेमुळे जाता आलं नाही. दुसऱ्या वेळी लग्न होऊन ती दोंडाईच्याला आलेली, तर नाव इकडेही नाही आणि तिकडेही नाही. मग तहसील कचेरीत खेपा घालून घालून तिने ते सासरच्या गावात आणलं. तिचा नवरा कुंदन शाळामास्तर. तो निवडणुकीच्या कामावर शिरपूरकडे गेलेला. जाताना तो म्हणाला, जमलं तर दे. 'जमलं तर' हे शब्द रत्नाच्या डोक्यात दोन दिवस खडीसारखे टोचत होते.

शिवाय तिचं एक कारण होतं, जे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. तिच्या सासूबाई, प्रमिलाबाई, मंडळीत प्रार्थनेसाठी नावाजलेल्या. घरात रोज संध्याकाळी त्या मोठ्याने प्रार्थना करत आणि त्यात रत्नाचा नंबर हमखास लागे. बापा, मन्ही सूनले ध्यान दे, गॅसवर दूध ठेवून ती फोन पाहत बसते. बापा, तिच्या हातून कपडे पिळले जात नाहीत. यावर रत्नाने काय बोलावं? डोळे मिटलेल्या माणसाशी भांडता येत नाही, आणि शेवटी आमेनही म्हणावं लागतं.

तर मतदानाच्या दिवशी बाराच्या ठोक्याला रत्ना चटईवर बसली. बाहेर ऊन असं, की मिरचीच्या वखारीवरचे हमालसुद्धा आडोसा धरून बसलेले. वर पत्रा तापलेला, बाजूला कूलर नुसता आवाज करणारा. त्याच्या बटणापाशी शेरोन. या पोरीला बटण दिसलं की ते दाबायचंच असतं. मिक्सर, पंखा, टॉर्च, आजीचं श्रवणयंत्र, काही सुटत नाही. रत्नाने देशासाठी प्रार्थना सुरू केली की शेरोन कूलर बंद करी. रत्ना एका हाताने कूलर लावी आणि सैनिकांसाठी मागू लागे. न्यायाधीशांपर्यंत पोचेतो कूलर पुन्हा बंद.

एक वाजला, दीड वाजला. लताबाईंचा पत्ता नाही. रत्नाने फोन केला तेव्हा लताबाई अंथरुणावर होत्या. सकाळी उपाशीपोटी मतदानाच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि भोवळ आली. जन्मभर दुसऱ्यांना पाणी प्या, पाणी प्या म्हणून सांगणाऱ्या लताबाई डोक्यावर ओला टॉवेल घेऊन पडल्या होत्या. त्यांच्यानंतर रतिलालभाऊ. त्यांनी फोन उचलला, पण मागे एवढा गलका, की ते रस्त्यावर आहेत हे लगेच कळलं. एका पक्षाच्या टेबलावर बसून ते मतदारांना नावाच्या चिठ्ठ्या लिहून देत होते. पाचच मिनिटं, भगिनी, म्हणाले, इथे माझ्याशिवाय यादी कोणाला वाचता येत नाही. त्यानंतर तरुण संघाची दोन मुलं. त्यांचे फोन वाजत राहिले. शेवटचा तास खुद्द पाळकसाहेबांचा, आणि पाळकसाहेब मत द्यायला नंदुरबारच्या पलीकडे आपल्या गावी गेलेले, जिथे फोनला रेंज नसते. देशाच्या निवडणुकीसाठी प्रार्थना करायचं कबूल केलेली सगळी माणसं निवडणुकीला गेली होती. मागे राहिली होती ती साखळी, आणि तिची एकुलती एक कडी चटईवर बसून घाम पुसत होती.

राहता राहिल्या सासूबाई. रत्नाने धीर करून त्यांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की सकाळचा पहिला तास आपण केलेला आहे, गुडघा सुजलाय, आणि गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या वाळत घातल्यात, त्या कोण उलटणार. आणि मताचं एवढं काय घेऊन बसलीस? आपण वरच्या राज्याचे नागरिक, खाली कोणी का बसेना.

उठून जाता आलं असतं. दाराला कुलूप नव्हतं. पण रत्नाने वेदीपुढे हो म्हटलं होतं, आणि देवाला दिलेला शब्द रतिलालभाऊ मोडतात म्हणून आपणही मोडायचा, हे तिला जमेना. याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. शेरोनला तिने पदराखाली घेतलं, पाजलं. घामाने चिकटलेलं तिचं जावळ बोटाने मागे सारलं. पोर शांत झाली आणि रत्नाचा फोन घेऊन चटईवर पालथी पडली. रत्नाने डोळे मिटले. प्रार्थनेच्या विषयांच्या यादीतलं सगळं केव्हाच मागून झालं होतं.

"प्रभू," ती मोठ्याने म्हणाली, "तू राजांना बसवतोस आणि उतरवतोस म्हणतात. मला राजांचं काही कळत नाही. पण रतिलालभाऊंना तेवढं उठवता आलं तर बघ, ते शाळेच्या रस्त्यावर टेबल टाकून बसलेत. आणि ऐक. माझ्यासाठी सगळे बोलतात. मंडळीत पंच बोलतात. घरी आई बोलतात. माझं दूध उतू गेलेलं तुला त्यांच्याकडूनच कळतं. एकच जागा अशी आहे, जिथे माझ्याऐवजी कोणी बोलू शकत नाही, ती त्या शाळेत पुठ्ठ्याच्या आड आहे. मला तिथे जायचंय. आई वरच्या राज्याच्या नागरिक आहेत, चांगलं आहे. पण नळाला पाणी आलं नाही तेव्हा हंडा घेऊन त्या खालच्याच नगरसेवकाच्या दारात गेल्या होत्या. मी रागात बोलतेय, ते मला कळतंय. पण पुढचा माणूस येईपर्यंत प्रार्थना थांबवायची नाही असा नियम आहे, तर मग तुलाही ऐकावं लागेल."

आमेन म्हणायच्या आधी कोणीतरी खोकलं.

रत्नाने डोळे उघडले. चर्चमध्ये कोणी नव्हतं. शेरोन चटईवर बसून फोनचा हिरवा उजेड कौतुकाने बघत होती, आणि त्यावर लिहिलं होतं 'आई'. पोरीने शेवटचा नंबर दाबला होता, वर स्पीकरही. फोन केव्हापासून चालू होता कुणास ठाऊक. रत्नाने तो हिसकून बंद केला. आता वर्षभर संध्याकाळच्या प्रार्थनेला विषय झाला.

बऱ्याच वेळाने बाहेर रिक्षा थांबली. प्रमिलाबाई एक पाय ओढत आत आल्या, लुगड्याला बिबड्यांचं पीठ तसंच. वेदीसमोरच्या खुर्चीत त्या बसल्या आणि गुडघा चोळत राहिल्या. रत्ना उभी. कूलर चालू होता, कारण शेरोन आजीकडे बघत होती.

"बठ्ठं आयकी लिधं मी," प्रमिलाबाई म्हणाल्या. मग लुगड्यावरचं पीठ झटकत, "हंडा लिसन मी एकच डाव गयी व्हती."

रत्नाने चटईवरचा फोन उचलला.

"तू जाय. मी बठस आठे. पोरगीले लई जाय, ती माले बोलू देत नही."

"तुमचंही नाव आहे मतदारयादीत. माझ्या वरच."

प्रमिलाबाईंनी डोळे मिटून घेतले. प्रार्थना सुरू झाली की उत्तर द्यावं लागत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत. रत्नाने फोन त्यांच्या खुर्चीजवळ ठेवला, मतदान केंद्रात तो चालत नाही, आणि शेरोनला काखोटीला मारून ती निघाली.

शाळेच्या अलीकडे मांडवात रतिलालभाऊ दिसले. "प्रभूची स्तुती असो, भगिनी," ते म्हणाले. आणि लगेच, "मग साखळीवर कोण आहे?"

"तुमच्या जागी आई बसल्यात. गुडघा सुजलाय त्यांचा."

रतिलालभाऊ हातातल्या चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा एकसारख्या करू लागले.

बायकांची रांग वर्गाच्या दारापासून वळून हातपंपापर्यंत आली होती. ऊन कलून भिंतीवर चढलं, रांग मुंगीसारखी सरकली. शेरोन तीन बायकांच्या कडेवर फिरून आली, एकीची बांगडी चावून आली. मागून कोणीतरी म्हणालं, आता दार बंद करतील. रत्नाने मागे पाहिलंच नाही. अखेर ती आत पोचली. नाव पुकारलं गेलं, बोटाला शाई लागली, आणि ती पुठ्ठ्याच्या आड गेली.

तिथे कोणी नव्हतं. आणि समोर होती बटणंच बटणं, ओळीने, निळी.

शेरोनने आनंदाने श्वास ओढला आणि दोन्ही हातांनी झेप घेतली.

रत्नाने कशीबशी तिची दोन्ही मनगटं पकडली. इवलेसे तळवे एकमेकांवर मिटवून आपल्या डाव्या मुठीत घट्ट धरले. बोटाची ओली शाई पोरीच्या अंगठ्याला लागली. पोर हात सोडवायला धडपडत होती, आईच्या गळ्याशी फुरफुरत होती. रत्नाने तिला तशीच छातीशी दाबून धरली, क्षणभर डोळे मिटले, उघडले, आणि उजव्या हाताने जे दाबायचं होतं ते दाबलं. काचेमागे चिठ्ठी दिसली आणि खाली पडली. लांब आवाज झाला. पोर दचकून गप्प झाली.

तिचे हात रत्नाने शाळेच्या फाटकाबाहेर येईपर्यंत सोडले नाहीत.

परत आली तेव्हा चर्चचं दार उघडंच होतं. आतून प्रमिलाबाईंचा खणखणीत आवाज पत्र्याखाली घुमत होता. रत्ना उंबऱ्याशी थबकली. नेहमीप्रमाणे आपलं दूध, आपले कपडे, म्हणून ती कान पाडून उभी राहिली.

"बापा, रतिलालले अक्कल दे," प्रमिलाबाई म्हणत होत्या. "मन्ही सून सकायपाईन उपाशी शे, आनि तो तठे चिठ्ठ्या वाटी राहिना."

पाळकसाहेबांचा नंबर अजून लागायचा होता. मग लताबाईंची भोवळ, तरुण संघाचे फोन. प्रमिलाबाईंना घाई नव्हती. कोणाची प्रार्थना चालू असताना मध्ये बोलायचं नसतं, म्हणून रत्ना बाहेरच्या पायरीवर बसली आणि पदराच्या टोकाने शेरोनच्या अंगठ्यावरची शाई पुसू लागली. शाई निघाली नाही.