अतिरिक्त कार्यभार

डॉक्टर मनालींनी प्रेशरचा पट्टा सोडवला आणि माझं मनगट उलटं करून उजेडात धरलं. मनगटाच्या जरा वर दोरीचा वळ होता, तीन दिवसांचा, आता पिवळट पडलेला.

"तुम्ही जरा बाहेर बसा," त्या ह्यांना म्हणाल्या.

हे निमूट उठले. जेटीवर दोनशे माणसांना हेल्मेट घालायला लावणारा सेफ्टी ऑफिसर, पण दवाखान्यात शाळेतल्या पोरासारखा वागतो. दार लागल्यावर डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली.

"पद्मजाताई, खरं सांगा. घरी हात उगारतात का?"

मी वाटेत ठरवूनच आले होते. पडले, दोरी लागली, गाय ओढत होते, असलं काही सांगायचं नाही. आमच्याकडे गाय नाही, आणि माझ्या नवऱ्याच्या नावावर मार लिहिला गेलेला मला चालणार नव्हता.

"नाही. मी सांगते म्हणून हे मला बांधतात. मला ते आवडतं. आठ वर्षं झाली. ह्या वेळी दोरी चुकीच्या जागी आली आणि अंगठ्यामागे मुंग्या आल्या, त्या गेल्याच नाहीत."

माझे कान तापले होते, पण आवाज कार्यालयात असतो तसा राहिला. डॉक्टर वयाने माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी क्षणभर पेन खाली ठेवलं.

"दोघांच्या मर्जीने?"

"माझ्या मर्जीने. त्यांना तयार करायला मला वर्ष लागलं."

मग त्यांनी अंगठा, बोटं, सगळं तपासलं. नस दबली आहे, तीन-चार आठवड्यांत येईल, पण हे हलक्यात घेऊ नका, अशीच जास्त वेळ दबली तर कायमचं अधूपण येतं, असं स्पष्ट बजावलं. आणि कागद माझ्याकडे फिरवला.

"आता हे बघा. प्रेशर एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे बारा. अंगठा बधिर झाला तर तिसऱ्या दिवशी आलात. हे किती वर्षं अंगावर काढताय?"



घरी येताना मारुती मंदिराच्या चौकात हे पहिल्यांदा बोलले. "बंद. दोरी टाकून देतो आजच."

 स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून भांडण होत नाही.

आमचं हे प्रकरण बाहेरच्या माणसाला कसं सांगावं मला अजून कळलेलं नाही. मी सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. माझं टेबल आस्थापनेचं. शेजारचं टेबल भास्कर तांब्यांचं होतं. ते एकावन्नाव्या वर्षी, दुपारी सव्वातीनला, पेन हातात असताना खुर्चीतच गेले. दुसऱ्या आठवड्यात त्यांचं टेबल 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून माझ्याकडे आलं, तात्पुरतं. त्याला तीन वर्षं होतील. साहेब दर वेळी विचारायचे, "चालेल ना, अजून थोडे दिवस?" मी म्हणायची, "चालेल." खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोराही होता. दोन टेबलं एकटी ओढते ही बाई, असं लोक म्हणायचे ते मला गोड लागायचं.

रविवारी दुपारी, मुलगी पुण्याला हॉस्टेलला गेल्यापासून निवांतपणे, हे कपाटातून दोरी काढायचे. त्या वीस मिनिटांत माझ्याकडे कुणाचंही टपाल येत नसे. हात माझे नसत, म्हणून कामंही माझी नसत. आठवड्यातून तेवढीच मी खरी झोपल्यासारखी जागी असे. ते बंद म्हणजे काय, हे माझं मला ठाऊक. मी ते सोडणार नव्हते.

म्हणून पुढच्या रविवारी मासळी साफ करून झाल्यावर मी ह्यांच्या बॅगेतून त्यांचे ते छापील तक्ते काढले. जेटीवर कुठलंही काम सुरू करण्याआधी हे भरतात. धोका कोणता, घडायची शक्यता एक ते पाच, घडला तर इजा एक ते पाच, दोन्हींचा गुणाकार, आणि शेवटी उपाय.

"भरा," मी म्हटलं.

"काय गो हे?"

"दोरीचं भरा. नुसतं बंद म्हणायला तुम्ही काय तहसीलदार?"

चष्मा लावून हे बसले. एकदा तक्ता पुढे आला की ह्यांना राहवत नाही. नस दबणे, शक्यता दोन, इजा चार, आठ. रक्त अडणे, पडणे, सगळं लिहिलं. उपायांच्या रकान्यात: मनगटाच्या वरच्या जागी दोरी नाही, गळ्याजवळ कधीच नाही, कात्री हाताशी, वीस मिनिटं, खोलीतून हलायचं नाही. आठच्या वर काही गेलं नाही.

मी दुसरा कोरा तक्ता पुढे सरकवला. "आता माझ्या ऑफिसचा."

 हे लिहू लागले. प्रेशर, झोप नाही, दोन टेबलं. शक्यता पाच. इजेपाशी पेन अडलं. तांब्यांच्या तिरडीला ह्यांनी खांदा दिला होता. पाच लिहिलं.

"पंचवीस. आमच्याकडे पंचवीस आला तर काम जागच्या जागी थांबवतात."

"मग? कुठली दोरी टाकायची ते सांगा," मी म्हटलं. जिंकले असं मला वाटलं.

ह्यांनी पहिला तक्ता परत ओढला. उपायांत सगळ्यात वर जागा सोडली होती, तिथे सावकाश लिहिलं: थांब म्हणणे.

"हा पहिला उपाय. बाकी सगळे ह्याच्यावर उभे. त्या दिवशी मी तुला दोनदा विचारलं, हात कसा आहे. तू काय म्हणालीस?"

 अंगठ्याला मुंग्या आल्या होत्या हे मला दहाव्या मिनिटाला कळलं होतं.

"चालेल म्हणालीस. साहेबांना म्हणतेस ना, तस्सं. मला गो कसं कळायचं मग? मी तुझ्या सांगण्यावर गाठ मारतो. तुझ्या चालेलवर माझा भरवसा उरला नाय."

ह्यांचे डोळे भरले होते.  एवढ्या दिवसांत माझा अंगठा, माझं सुख, माझी नस, एवढंच मी धरून बसले होते. दोरीचं दुसरं टोक ज्याच्या हातात आहे त्याला मी फसवलं होतं, आणि तेही सवयीने.

"तू बाहेर एकदा नाय म्हणून दाखव," हे म्हणाले. "मग घरातल्या तुझ्या हो ला मी हो समजेन. तोवर दोरी कपाटात."

सोमवारी मी टाइप केलेला अर्ज घेऊन साहेबांसमोर उभी राहिले. त्यांनी तो वाचला आणि हसून बाजूला ठेवला.

"मॅडम, तुमच्याशिवाय ते टेबल कोण ओढणार? मार्चपर्यंत बघा ना. चालेल?"

जीभ सवयीने उचलली गेलीच होती. ती मी दातांखाली धरली.

"नाही साहेब. आजपासून नाही. पोच द्या."

"घरी काही अडचण आहे का?"

"घरी बरं आहे," मी म्हटलं, आणि शिक्का उमटेपर्यंत जागची हलले नाही.

मग तांब्यांच्या टेबलावरचा माझा डबा, पाण्याची बाटली आणि उशी उचलून मी माझ्या खुर्चीत आले. शिपाई धोंडू टपाल घेऊन आला, सवयीने माझ्याकडे वळला, थबकला आणि शेवटी ते त्या रिकाम्या टेबलावर ठेवून गेला. चारपर्यंत तिथे बऱ्यापैकी ढीग झाला. वरचं पाकीट पंख्याच्या वाऱ्याने सरकत सरकत कडेला आलं. माझे हात शिवशिवत होते. पाकीट खाली पडलं, तरी मी उठले नाही.