माझ्या पोटातला वाळूचा कण

मित्रांनो, मला हातात घेणार असाल तर आधी खाली बसा. उभ्याने नको. हसायचं असेल तर हसा, पण मी जात्याच भित्री आहे, आणि पडण्याइतकी भीती मला दुसऱ्या कशाचीच वाटत नाही. का, ते सांगते.

मी एक जुनी निळी वडी आहे. अंगाच्या साबणाची नव्हे, गाडीच्या रंगावरची घाण उचलणाऱ्या खास मातीची. गाडी कितीही धुतली तरी काही गोष्टी रंगाला चिकटून बसतात. लोखंडाची बारीक धूळ, डांबराचे शिंतोडे, असलं काहीबाही. साबणाच्या पाण्याने ओल्या केलेल्या रंगावरून मला हलक्या हाताने फिरवलं की ते सगळं मी स्वतःच्या अंगावर ओढून घेते. दुसऱ्याची घाण आपल्या अंगाला लावून घेणं हाच माझा धंदा. त्याची तक्रार नाही, कोणी तरी ते करायला हवंच.

माझा जन्म साता समुद्रापलीकडे एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते तळेऱ्याच्या तिठ्यावरचं गाड्यांच्या सामानाचं दुकान. हायवेवरून ट्रक गेला की आमचं फळकूट थरथरायचं आणि मी जीव मुठीत धरून बसायचे. मुठी मला नाहीत, पण तुम्हाला समजलं. शेजारी एक कडक लाल वडी होती. तिला कशाचीच भीती नव्हती. "मी एका हातात ट्रक साफ करते," अशी तिची मिजास. मला वाटायचं, गिऱ्हाइकाने हिलाच न्यावं आणि मला विसरून जावं.

दोन हजार सहा साली, आंब्याच्या दिवसांत, यतीन नावाचा एक ड्रायव्हर दुकानात आला. चेहरा उतरलेला. डाव्या हाताची दोन बोटं आखडलेली. दुकान चालवणाऱ्या सरलाताईंनी त्याला पाणी दिलं आणि डॉक्टरासारखी चौकशी सुरू केली.

"रंग नवो की जुनो?"

"नवो. गडद निळो."

"काय लागला त्याका? आंब्याचो चीक?"

"नाय गो ताय. लोखंडाची धूळ. देवगडच्या धक्क्यार जुन्या ट्रॉलराचा लोखंड घासत होते. वाऱ्यान सगळा गाडयेर इला. खाऱ्या हवेन आता त्येका तांबेरो धरलो. धुतलंय, घासलंय, जाता काय बघ."

सरलाताई बाहेर गेल्या. त्यांनी प्लास्टिकची पातळ पिशवी हातात चढवली आणि गाडीच्या टपावरून बोटं फिरवली. पिशवीतून बारीकसा खडाही बोटाला कळतो. टप खरखरत होता, किसणीवर हात फिरवावा तसा.

"मगे ती लाल कडक दी," यतीन म्हणाला. "बेगीन होतला."

"लाल वडी चिऱ्याच्या ट्रकाक ठीक. ह्या रंगार ती फिरवलंस तर घाण जातली, तशी चमकय जातली." सरलाताईंनी मला खाली काढलं. माझ्या काळजात धस्स झालं. "ही मऊ घे. वेळ लागतलो, पण रंग ऱ्हवतलो. सुकी फिरवू नको. मैली झाली की दुमडून नवी बाजू घे. आणि ह्या नीट आयक. हातातसून पडली की फेकून दी. धूवन चलाचा नाय. वाळयेचो एक कण आत गेलो तरी गाडयेर रेघ उठतली."

पडली की फेकून दी. मित्रांनो, माझ्या समोर, माझ्याविषयी, हे असं बोलल्या त्या. एवढ्यावर थांबल्या नाहीत. "अर्धी कापून वापर, अर्धी डबयेत ठेव. पडली तर अर्धीच जातली," असंही वर सांगितलं. मला घेऊन यतीन निघाला, तेव्हा माझी पाचावर धारण बसलेली होती.

वाटेत तो एकटाच बडबडत होता, त्यावरून मला सगळं उलगडलं. गाडी त्याची नव्हतीच. देवगडचे आंब्याचे व्यापारी भाई, त्यांची. यतीन आधी ट्रॉलरवर होता. तिथे दोरीत हात सापडून ती दोन बोटं आखडली. जाळं ओढता येईना, तेव्हा भाईंनी त्याला गाडीवर घेतलं. त्यांची ताकीद एकच, गाडी भाईंच्या घरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात लावायची, बंदरावर न्यायची नाही. पण भाई आंबा घेऊन वाशीच्या मार्केटला गेले, आणि यतीनने आईला गाडीत बसवून कुणकेश्वराला नेलं. सत्यवती तिचं नाव, बंदरावर मासे विकते. तिला कधीपासून त्या गाडीत एकदा बसायचं होतं. देवदर्शन झालं, आणि मग गाडी यतीनच्या दारातच राहिली, धक्क्याला अगदी लागून.

आता भाई परत यायचे होते. यतीनला सारखा आठवत होता तो बाबली. त्याच्या आधीचा ड्रायव्हर. बाबलीच्या हातून गाडीवर एक रेघ उठली आणि भाईंनी त्याला घरी पाठवलं, असं सगळं देवगड सांगत होतं. एका रेघेला नोकरी. आणि ही नोकरी गेली तर आखडलेल्या बोटांना दुसरं काम कोण देणार होतं?

घरी आल्यावर यतीनने दोऱ्याने माझे दोन भाग केले. माझी जुळी बहीण डबीत गेली आणि मी कामाला लागले. पहिल्यांदा मला फक्त ती दोन बोटं दिसत होती. हा मला पाडणार, आत्ता पाडणार, असं मी सारखं घोकत होते. खाली अंगणभर पांढरी वाळू पसरलेली. पण त्याने मला असं धरलं, जशी मी पाखराचं पिल्लू. पाणी मारायचं, मला फिरवायचं, दुमडायचं, परत पाणी. टप झाला. दारं झाली. तांबूस ठिपके एकेक करून माझ्या अंगावर येत गेले. मी काळवंडले आणि गाडी उजळली. यतीनने पिशवी चढवून टपावरून हात फिरवला.

"आये, काचेसारखो झालो गो."

सत्यवती रिकामी टोपली घेऊन नुकतीच बाजारातून आली होती. तिनेही हात फिरवून पाहिला. "खराच रे," म्हणाली. खरं सांगते, त्या घटकेला मी भ्यायचंसुद्धा विसरले. तीच चूक झाली बघा. आपण जरा बिनघोर झालो की काही तरी होतंच.

पुढचं बॉनेट तेवढं राहिलं होतं, आणि बादलीतलं पाणी गढूळ झालं होतं. यतीनने मला आईच्या हातात दिलं. "ही जरा धर. बावडेसून पाणी घेवन येतंय."

सत्यवतीचा हात घट्ट. आयुष्यभर तडफडणारे मासे धरलेला हात तो. मला वाटलं, इथे तरी आपण सुखरूप. पण मी साबणाने बुळबुळीत झाले होते आणि तिच्या हातावर माशाचा ओशटपणा होता. मी सटकले. आणि मित्रांनो, ज्याला मी जन्मभर भीत आले ते घडलं. मी वाळूत पडले.

आता सत्यवतीने काय करावं? तिचा बांगडा वाळूत पडला तर ती काय करते? उचलते, पाण्यात खळबळते आणि टोपलीत ठेवते. मासा जसाच्या तसा. सगळ्या बंदराची हीच रीत. तिने मलाही उचललं, उरलेल्या पाण्यात खळबळलं, अंगठ्याने दाबून गुळगुळीत केलं आणि पदराला पुसलं. झालं. तिच्या दृष्टीने काही घडलंच नव्हतं.

माझा तर जीव भांड्यात पडला. मला कोणी फेकलं नाही. कोणाला कळलंच नाही. वाचले बाई, असं मी म्हणतेय न म्हणतेय तोच मला पोटात काहीतरी टोचलं. वाळूचा एक कण. अंगठ्याने दाबताना तो बाहेर पडायच्या ऐवजी आत शिरला होता. मासा नव्हे ना मी. मी लागेल ते चिकटवून घेणारी. माझी बोबडीच वळली.

यतीन ताजं पाणी घेऊन आला. आता त्याला हुरूप आला होता. गुणगुणत त्याने बॉनेटवर पाणी मारलं. गडद निळं, आरशासारखं बॉनेट. भाई गाडीत बसताना सगळ्यात आधी पाहतात ती जागा.

"बरा झाला गो आये, पडाक नाय ती," तो म्हणाला. "सरलातायन बजावन सांगल्यान हा. पडली की फेकून दी, धूवन उपयोग नाय. वाळयेचो एक कण पुरे."

सत्यवती टोपली धूत होती. तिचा हात थांबला. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला कळलं की आता या अंगणात मी एकटी घाबरलेली नाही. तिने बॉनेटकडे पाहिलं. लेकाच्या आखडलेल्या बोटांकडे पाहिलं. आणि परत टोपली घासू लागली. तिला काय वाटत असेल ते मला समजत होतं. ही गाडी दारात आली ती तिच्या हौसेपायी. ठिपके पडले ते त्यामुळेच. आता वर हेही सांगायचं? आणि कदाचित मी स्वच्छ धुतली गेले असेन. कदाचित काही होणारही नाही. गप्प बसणाऱ्याच्या मनात असलीच काही तरी आशा असते.

यतीनने मला दुमडलं. पोटातला कण सरकला आणि थेट वर, माझ्या कातडीशी येऊन बसला. रंगाच्या बाजूला.

तुम्हाला ठाऊक आहे, मी तेव्हा काय मागितलं? ज्या गोष्टीला मी दुकानाच्या फळीवर असल्यापासून भीत आले तीच. मला फेका. कोणी तरी मला फेकून द्या. पण मला तोंड नाही. यतीनचा हात खाली येत होता आणि मला बॉनेटमध्ये माझं प्रतिबिंब मोठं होताना दिसत होतं.

"यतीन, थांब रे."

हात थांबला. बॉनेटवर पाण्याचा थर होता, तेवढंच काय ते अंतर राहिलं होतं.

"माझ्या हातातसून पडली ती. वाळयेत. मी धुतलंय, पण माका ठावक नाय होता रे." सत्यवतीचा आवाज कापत होता. "माशासारखी धुतलंय तिका."

यतीनने मला डोळ्यांजवळ नेलं, उन्हात धरलं आणि नखाने चाचपलं. कण त्याच्या नखाला लागला. तो मला घेऊन पायरीवर बसला. मला वाटलं, आता हा आईवर ओरडणार. तिलाही तेच वाटलं असावं, कारण ती तशीच उभी राहिली, ओल्या हातांनी. पण तो ओरडला नाही. मग म्हणाला, "सांगलंस ता बरा केलंस गो. जा, ती डबी घेवन ये."

माझ्या जुळ्या बहिणीने बॉनेट पुरं केलं. काम सुरेख झालं, हे मला जड जातं तरी कबूल करायला हवं. मला मात्र त्याने फेकलं नाही. "चाकांच्या रिंगांका चलतली," म्हणाला आणि एका पिशवीत गुंडाळून शर्टाच्या खिशात टाकलं. म्हणून पुढचं मला ऐकायला मिळालं.

भाई आले. गाडीभोवती एक फेरी मारली. "बरी चमकता रे," म्हणाले. झालं, विषय संपला होता. यतीन गप्प बसला असता तर भाईंना जन्मात काही कळलं नसतं. पण मी त्याच्या छातीशी होते. तिथली धडधड ऐकून मलाच धाप लागली. आईने एवढं धाडस केलं होतं, आता याची पाळी होती. त्याने सगळं सांगितलं. कुणकेश्वर, धक्का, तांबूस ठिपके, तळेऱ्याहून आणलेली वडी.

भाईंनी बॉनेटवरून तळहात फिरवला. फार सावकाश.

"बाबलीक मी कित्या काढलंय, ठावक आसा?"

"रेघ मारल्यान म्हणान."

"रेघ माझ्या हातानय उठली असती. त्यान ती बुटाच्या पॉलिशान लपयल्यान, आणि रोज सकाळी माझ्याबरोबर हसत ऱ्हवलो." भाईंनी हात रुमालाला पुसला. "गाडी खळ्यात लाव. आणि आवशीक परत खंय जावचा असला तर माका सांगून न्हे."

माझं उरलेलं आयुष्य सांगण्यासारखं नाही. चाकांच्या रिंगा पुसून पुसून मी काळीठिक्कर झाले. मग ती गाडी गेली, नवी आली, नव्या वड्या आल्या, आणि मी डबीत पडून सुकू लागले. आता दोन हजार दहा साल चालू आहे. सत्यवतीने मला डबीतून काढून खिडकीत ठेवलंय. गोधडी शिवताना ती माझ्यात सुया खोचते. भीती माझी अजून गेलेली नाही. मांजर खिडकीवर चढलं की मी सुयांना घट्ट धरून बसते.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. वस्तू निवडताना कडक आणि झटपट तेवढीच बघू नका, रंगाला काय सोसवेल ते बघा. हातातून काही पडलं तर लगेच सांगा. आणि तुमच्याकडे कोणी असं सांगायला आलं, थरथरत, ओल्या हातांनी, तर आधी त्याला बसू द्या. तो किती भ्यालेला असतो ते मी पाहिलंय.

तो वाळूचा कण अजून माझ्या पोटात आहे. कधी कधी सुई खोचताना ती त्याला लागते आणि पुढे जात नाही. मग सत्यवती सुई काढते, अंगठ्याने ती जागा चाचपते आणि आतल्या खोलीत हाक मारते.

"यतीन, आयक रे. अजून आसा तो."

"आसांदे गो," तो आतून म्हणतो.