वळून बघायचा सीन

पुंजाराम बिडकीनचा, चांगल्या बागायतदाराचा मुलगा. पुण्यात सिनेमा शिकून आला आणि त्यानं थेट ग्रीस देश शेंद्र्याजवळच्या बंद पडलेल्या खदानीत आणून बसवला. त्याच्या सिनेमात मारामारी नाही, नाच नाही, अर्धा वेळ नुसता वारा. असलं बघायला कोण येणार, असं मी त्याला तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "माणसं थोडी येतील, ताई. पण अर्ध्यातून उठायची नाय." मला हसू आलं, पण पोरगा मनापासून बोलत होता.

त्याला गाणारा म्हातारा हवा होता, म्हणून तो माझ्या वडिलांकडे आला. आमचे आबा, कारभारी, जन्मभर मेंढरांमागे हिंडले आणि ओव्या गात राहिले. आता मेंढरं वीसच उरलीत, भाऊ कंपनीत जातो. मी मुकुंदवाडीला राहते. आबांना डबा आणि गोळ्या वेळेवर मिळाव्यात म्हणून रजा काढून मी शूटिंगला आले होते. तीन दिवस आबांनी कॅमेऱ्याला भीक घातली नाही. गा म्हटलं की गायचे, चाला म्हटलं की चालायचे. अडलं ते चौथ्या दिवशी, शेवटच्या सीनला.

ग्रीसची ती गोष्ट अशी, की एका गवयाची बायको साप चावून मरते. तो पाताळात जाऊन इतकं गोड गातो की तिथला राजा म्हणतो, घेऊन जा तिला. अट एकच. तो पुढे, ती मागे, आणि दोघं उजेडात येईपर्यंत त्यानं वळून बघायचं नाही. अगदी तोंडाशी आल्यावर तो बघतोच.

खदानीतून वर येणारी ट्रकची जुनी वाट, तीच पाताळाची वाट. मागून चालायला पुण्याची नटी आणली होती, पण खडीवर अनवाणी दहा पावलांत ती खाली बसली. पुंजाराम माझ्या पायांकडे बघायला लागला. त्याला लांबून दिसणारी, पदर ओढलेली बाईच हवी होती. बापाच्या मागे चालायला मला कसली लाज? मी तयार झाले.

तर आबाच म्हणाले, "मी वळणार नाय."

"आबा, सगळा सिनेमा त्याच्यावरच उभाय," पुंजाराम काकुळतीला आला.

"असंल. मसनवाट्यातून येताना मागं बघत नसतेत. गेलेल्या माणसाचा जीव अडकतो, त्याला पुढं जाता येत नाय."

हे आम्हाला सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक आहे. तरी मला रागच आला. चार दिवस पोरं उन्हात राबत होती आणि ह्यांचं हे असं. मी आबांना बाभळीखाली नेलं, हातात पाण्याचा तांब्या दिला आणि म्हटलं, "आबा, हे खोटं खोटं हाय. एकदा मान वळवली तर काय बिघडतंय?"

ते पाणी प्यायलेच नाहीत. तांब्या खाली ठेवून म्हणाले, "तुझ्या मायच्या टायमाला म्या वळून बघितलं व्हतं, सुगंधा."

मायला जाऊन दोन वर्षं झाली. आमच्यात बाया मसनवाट्यात जात नाहीत. मी घरीच होते, मला हे कुठून कळणार?

"दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाय, ते माझ्यामुळं. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. ती गेलीच नाय बघ. मेंढरं उगाच बिचकली की वाटतं, हितंच उभी हाय. माझ्या एका नजरेपायी अडकली बिचारी."

दोन वर्षं हा माणूस हे एकट्यानं वागवत होता आणि मी दर रविवारी येऊन, नीट जेवत का नाही म्हणून त्यांच्यावर तोंडसुख घेत होते.

पुंजाराम मागे येऊन उभा होता, त्यानं ऐकलं. तो आबांसमोर खाली बसला. आबांनी त्याला विचारलं, "तुझ्या गोष्टीत, त्यानं बघितल्यावर ती अडकती का?"

"नाय आबा, उलटं हाय. त्यानं बघितलं की ती माघारी जाती. कायमची. मग कितीबी गायलं तरी येत नाय."

"म्हंजी बघितलं की सुटती?"

पुण्यात पुंजारामला असं कुणी शिकवलं नसणार. "व्हय," तो म्हणाला, "सुटती."

"शहाणी हायेत का त्या देशातली माणसं?"

"लई जुनी हायेत, आबा."

आबा उठले. पटका काढून पुन्हा नीट बांधला. "चल. एकदाच करीन. पुन्हा कर म्हणायचं नाय."

मी पदर ओढून खाली जाऊन उभी राहिले. आबा पुढे, मी पंधरा पावलं मागे. खडी टोचत होती. वर उजेडाच्या तोंडाशी आबा थांबले आणि वळले. पुंजारामनं सांगितलं होतं तसे दचकून नाही, तर सावकाश, सगळेच्या सगळे वळले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या मायेनं माझ्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं, आणि ते बघणं माझ्यासाठी नव्हतंच.

"बाने," मायला हाक मारायचे तसंच ते म्हणाले, "मेंढरांचं मी बघतो. पोरगी बी बरी हाय, तिचा घोर करू नको. जा आता तू."

हे कागदावर नव्हतं. पण कुणी कट म्हणालं नाही. कागदावर एवढंच होतं, की बाई माघारी फिरते. आबा उजेडात उभे राहून तिच्या जाण्याची वाट बघत होते. मला धावत जाऊन त्यांना बिलगावंसं वाटत होतं. नुसतं "आबा" म्हटलं असतं तरी मी त्यांची लेक झाले असते, आणि माय तिथंच राहिली असती. मायची चाल मला येते. तशीच झपाझप मी खाली उतरत गेले, आणि मागे बघितलं नाही.