मला आणि मले

माझ्या मिस्टरांचा गळा दाटला की त्यांची भाषा थेट तेल्हाऱ्याला, त्यांच्या वऱ्हाडातल्या गावी जायची. एरवी बँकेत संघपाल अगदी पुस्तकी मराठी बोलत. पण डोळ्यांत पाणी आलं की 'मला'चं 'मले' झालंच म्हणून समजा.

याच 'मले'ने आमचं नाटक बुडवलं. 'रणनिरोप' हे शंभर वर्षं जुनं नाटक आम्ही हौशी मंडळींनी अकोल्याच्या एका स्पर्धेत केलं होतं. ते सेनापती, मी सेनापतीची बायको. आमचं लग्नही तेव्हा नवंच होतं. त्यांना दरबाराचा प्रवेश आवडायचा, कारण तिथे तलवार उपसायला मिळे. माझा आवडता शेवटचा, निरोपाचा. सेनापती दारात थांबतो, मागे वळतो आणि म्हणतो, "देवी, परतलो नाही, तर मला विसरा." दिग्दर्शक गजेंद्र सरांनी तो 'मला' महिनाभर घोटून घेतला होता. प्रयोगात यांनी वळून पाहिलं, माझे भरलेले डोळे दिसले आणि हे बोलून गेले, "देवी, परतलो नाही, तर मले विसरा."

सगळं थिएटर हसलं. परीक्षक म्हणाले, सेनापती तेल्हाऱ्याचा दिसतो. बक्षीस गेलं ते गेलंच. अमरावतीला घरी पोचेपर्यंत मी यांच्याशी एक शब्द बोलले नाही, आणि घराचं कुलूप काढताना मलाच हसू फुटलं.

तेव्हापासून हे कोथिंबिरीची जुडी आणायला निघाले तरी दारात वळायचे. "देवी, परतलो नाही, तर मले विसरा."

"पहिले सांबार आणा, मंग पाहू," मी म्हणायची.

यंदा त्यांच्या घशात कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले. जीव वाचेल, आवाज जाईल. त्यांचा आवाज कुठे सापडतो का म्हणून मी मोबाइल पाहिला; लग्नकार्यांचे व्हिडिओ ढीगभर होते, पण सगळ्यांत डीजे वाजतोय आणि हे मुकाट उभे. मला राग आला, स्वतःचा, डीजेचा, सगळ्यांचाच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दवाखान्यात मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

"निरोपाचा प्रवेश म्हणा. मले तुमचा आवाज ठेवाचा हाये."

"काहून रडून राहिली?" त्यांचा आवाज आधीच घोगरा झाला होता.

"रडून नाही राहिली. बटन दाबलं, म्हणा तुमी."

त्यांनी केस विंचरले, पलंगावर ताठ बसले आणि सुरुवात केली. माझी वाक्यं मी म्हणत गेले. शेवटी त्यांनी खिडकीकडे तोंड केलं, थांबले, वळले. माझे डोळे तेव्हाही भरलेलेच होते.

"देवी, परतलो नाही, तर मला विसरा."

मला. घोगरा पण स्वच्छ, माझ्या रडण्यासमोर आयुष्यात पहिल्यांदा. मी खचू नये म्हणून त्यांनी गळा दाटूच दिला नाही, हे मला कळलं. मी रेकॉर्डिंग बंद केलं.

"आता तरी जमलं ना तुह्या सेनापतीले?" त्यांनी विचारलं. इतके खूश झाले होते की पुन्हा म्हणा, चुकवून म्हणा, असं सांगायला माझी जीभ उचलेना.

"जमलं," मी म्हणाले.

ऑपरेशन नीट झालं. माणूस घरी आला, हे काय थोडं आहे, असं मी रोज स्वतःला बजावते. कुणी भेटायला आलं की हे मोबाइल काढून तो प्रवेश ऐकवतात. 'मला' आलं की बोट वर करतात, बघा म्हणून. पाहुणे टाळ्या वाजवतात. मीही वाजवते आणि चहा ठेवायला म्हणून उठते.

स्वयंपाकघरात, नळ सोडून, मी हळूच म्हणून पाहते, "मले विसरा." आवाज माझाच येतो.