फ्रेडाबाईंच्या दगडावरचा फणस

फ्रेडाबाईंच्या घराण्यातल्या चौसष्ट यिद्दिश म्हणी अखेर वारसाहक्काने गुहागरच्या नागेशकडे आल्या. पण ते सोडा, तसं काही झालंच नाही. नागेश भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर. गाडीत राहिलेली वस्तू त्याने ऑफिसात जमा करायची असते, एवढंच.

तर फ्रेडाबाई, वय एक्क्याण्णव, दुबईत नातवाकडे राहायच्या. गुडघ्याच्या व्यायामासाठी नागेश त्यांना आठवड्यातून तीनदा शारजाला न्यायचा. रस्ता अर्ध्या तासाचा, जॅम दीड तासाचा. जॅममध्ये बाई पणजीची एकेक म्हण काढायच्या. आधी यिद्दिशमध्ये, म्हणजे पोलंडातल्या ज्यूंच्या घरगुती बोलीत, मग इंग्रजीतून अर्थ. घरी पतवंडं हेडफोन न काढता "लेटर, ग्रँडमा" म्हणत. ड्रायव्हरला हेडफोनची परवानगी नव्हती, त्यामुळे त्याचे कान रिकामे होते. नुसतं ऐकून कसं घ्यायचं, म्हणून तोही आपल्या आईची, मुक्ताबाईची, एखादी म्हण परत द्यायचा. बाई ती घोकायच्या. दोन वर्षं असं चाललं.

सोमवारी बाई गेल्या. दफनाला माणसं नेणारी गाडी नागेशचीच. नातू डॅनियलने रडत रडत आजीने शेवटच्या आठवड्यात शिकवलेली खानदानी म्हण सांगितली. ती फणसाची होती. पोलंडात फणस कुठून आला, हे कोणी विचारलं नाही. सगळे रडले, नागेश जरा जास्तच. थडग्याच्या दगडावर तीच कोरायचं ठरलं.

"मुश्ताकभाई, रजा हवी," नागेश ट्रान्सपोर्ट इनचार्जला म्हणाला. "त्यांच्यात सात दिवस दुखवट्याला घरात बसतात. मला बसायचंय."

"तू त्यांचा कोण रे?"

"ड्रायव्हर."

"मग खाली गाडीत बस. ड्युटी लागेल."

"भाई, त्या दगडावर आमच्या आईचा फणस चाललाय."

"फोन कर, सांग कोरू नका. खलास."

"कोरू दे की! आईला कुठे दगड मिळालाय?"

मुक्ताबाई गेली तेव्हा नागेशचा पासपोर्ट व्हिसासाठी अडकला होता. त्याने पेट्रोलपंपावर गाडी लावून व्हिडिओ कॉलवर तिला पोचवलं. मागचा सारखा हॉर्न देत होता.

"एकदा नीट बसायचंय, भाई. दोघींचं एकदम उरकतो."

मुश्ताकने चष्मा पुसला, परत घातला आणि फॉर्म पुढे सरकवला. "नातं लिही. रकाना मोकळा राहिला तर कंप्युटर घेत नाही."

नागेशने लिहिलं:

"मयत फ्रेडाबाई यांच्या म्हणी व अर्जदाराच्या कै. मातोश्रींच्या म्हणी यांची सोयरीक झालेली असल्याने अर्जदार हा मयतांचा रीतसर सोयरा लागतो. सबब उभयतांच्या दुखवट्यासाठी सात दिवसांची भरपगारी रजा, मातोश्रींच्या बाबतीत पूर्वलक्षी प्रभावाने, मंजूर व्हावी, ही नम्र विनंती."