पहिल्या हाकेला

कलाबाईंनी ट्रंकेतून पटका काढला, झटकला, घडी होती तशी पुन्हा घातली आणि परत ट्रंकेत ठेवून झाकण लावलं. बाहेरच्या खोलीत बसलेल्या ज्योत्स्नाला ऐकू जावं इतक्या जोरात लावलं. मग पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या आणि तिच्यासमोर चटईवर बसल्या.

ज्योत्स्ना मूळची लातूरची. 'वेशीवरचं घर' या मालिकेचं शूटिंग इथं, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या खजुरी गावात, दीड वर्ष चाललं होतं. कोणी काय घातलंय, कुठं बसलंय, कुणाच्या हातात काय आहे, याचे फोटो काढून दुसऱ्या दिवशी सगळं तसंच्या तसं जुळवून ठेवायचं काम तिचं होतं. मालिका संपून आता दोन वर्षं होत आली होती. आणि एवढ्या दिवसांनी त्याच गोष्टीचा पुढचा भाग म्हणून सिनेमा निघाला होता. यावरून गावात दोन तट पडले होते. शेवटी नायिका वेस ओलांडून निघून गेली, ती परत यायलाच पाहिजे, असं चहाच्या हॉटेलातल्या एका बाकड्याचं म्हणणं. दुसरं बाकडं म्हणायचं, गोष्ट संपली, आता शिळ्या कढीला ऊत कशाला. कलाबाई हॉटेलात जात नव्हत्या, पण त्या दुसऱ्या बाकड्याच्या होत्या.

त्यांचं कारण वेगळं होतं. त्या मालिकेत त्यांचे मालक होते.

भगवानराव काही नट नव्हते. घरासमोरच्या कडुलिंबाखाली कट्टा होता आणि त्यावर रोज बसायचं, एवढंच त्यांना ठाऊक. मालिकेतलं घर गल्लीच्या पलीकडचं, त्यामुळे कॅमेरा लावला की कट्टा मधेच यायचा. पहिल्या दिवशी त्यांना उठवायला माणसं गेली, तर म्हणाले, मी तीस वर्षं हितं बसायलोय, तुमचा कॅमेरा हलवा. डायरेक्टरला हसू आलं आणि त्याने त्यांना बसू दिलं. मग ते दीड वर्ष बसले. तोच सदरा, तोच पटका, उजव्या हाताला काठी. तोंडी एक शब्द नाही. पण माणूस असा काही रंगला की सदऱ्यावर पानाचा डाग पडला तर सदरा धुवायला टाकू देईना. डाग गेला तर ज्योत्स्ना रागावंल म्हणायचे. जन्मभर बसून काढलं, त्याचं आता कौतुक व्हायलंय, असं कलाबाई येईल-जाईल त्याला सांगायच्या. सांगताना त्यांनाही बरं वाटायचं.

शेवटच्या भागात नायिका निघून जाते आणि म्हातारा कट्ट्यावरून उठून घराकडे वळतो, असं ठरलं होतं. भगवानरावांना ते काही जमेना. उठा म्हटलं की शाळेत मास्तर आल्यासारखे उठायचे. सकाळ गेली, दुपार झाली. कलाबाईंना या भानगडीची कल्पनाच नव्हती. त्यांनी भाकऱ्या उरकल्या आणि रोजच्यासारखी दारातून जेवायला हाक मारली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात भगवानराव पहिल्या हाकेला कधी उठले नव्हते. दुसरी लागायची, कधी तिसरी, कधी भांडण. त्या दिवशी मात्र काठी घेतली, गुडघ्यावर हात ठेवला आणि उठले. कॅमेरा चालूच होता. डायरेक्टरला पाहिजे ते मिळालं. मालिकेत त्या जागी सनई घातली, त्यामुळे हाक कुणाला ऐकू आली नाही. पण गावाला माहीत होतं आणि कलाबाई पुढं कितीतरी दिवस नवऱ्याला म्हणायच्या, पहिल्या हाकेला उठायला कॅमेराच लागतो तर रोजच्याला लावून घेऊ.

त्यानंतर पाचव्या महिन्यात भगवानराव गेले. त्याच कट्ट्यावर.

त्या दुपारी अंबाडीची भाजी होती. कलाबाईंनी एकदा हाक मारली, दुसऱ्यांदा मारली, तिसऱ्यांदा मारली. दारातून त्यांची पाठ दिसत होती. भाकरी गार होत होती, कंबर दुखत होती, आणि माणूस ढिम्म. कलाबाई वैतागून म्हणाल्या, "बसा मंग तिथंच." आणि आत येऊन एकट्या जेवल्या. पोटभर जेवल्या. अर्ध्या तासाने शेजारचे हरिबा तंबाखूला म्हणून कट्ट्यावर आले आणि त्यांच्या हाका सुरू झाल्या.

डॉक्टर म्हणाले होते, जाऊन तासभर झाला असेल, कदाचित जास्त. कदाचित कमी. कलाबाईंनी हे वाक्य मनात किती वेळा उलटंपालटं केलं त्याला गणती नाही. 'बसा मंग तिथंच' हे मालकांनी ऐकलं का, एवढंच त्यांना कळायला पाहिजे होतं, आणि ते सांगणारं कुणी नव्हतं. मुलाला, बालाजीला, त्यांनी हे सांगितलं नाही. सुनेलाही नाही. फक्त चार-आठ दिवसांनी सुनेला म्हणायच्या, रेणुका, ते शेवटचं लाव बरं. रेणुका मोबाइलवर मालिकेचा शेवटचा भाग काढून द्यायची आणि कन्नडमध्ये आपल्या आईशी फोनवर बोलायची म्हणून दुसरा मोबाइल घेऊन बाहेर जायची. कलाबाई तेवढं एक मिनिट बघायच्या. सनई वाजायची. भगवानराव उठायचे.

म्हणून त्यांना पुढचं काही नको होतं.

"काय गरज हाय त्याची?" त्या ज्योत्स्नाला म्हणाल्या. "चांगलं संपलं व्हतं की."

ज्योत्स्ना म्हणाली, खरं सांगायचं तर तिलाही तसंच वाटतं, पण ते तिच्या हातात नाही. तिने आढेवेढे न घेता सगळं सांगितलं. सिनेमाची सुरुवातच कट्ट्यापासून होती. नायिका परत येते, वेशीतून आत शिरते, आणि सगळ्यात आधी तिला पाठमोरा म्हातारा दिसतो. त्याला कोणी जेवायला हाक मारतं आणि तो उठतो. तेवढ्यावरून तिला कळतं, की गाव आहे तसंच आहे. हरिबा बसायला तयार होते, अंगकाठी तीच होती. सदरा नवा शिवता येईल. पटका आणि काठी मात्र खरी पाहिजे होती.

बालाजी दाराला टेकून उभा होता. त्याचं तालुक्याला, आळंदला बी-बियाण्याचं दुकान, ते आज त्याने यासाठी बंद ठेवलं होतं. अप्पांचं नाव होईल माय, असं त्याने हळूच म्हणून बघितलं. कलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. तेराव्याला बापाचे कपडे वाटून टाकायची घाई त्यानेच केली होती. पटका त्यांनी पोत्याखाली दडवला म्हणून वाचला.

"आणि न्हाई दिला तर?" त्यांनी विचारलं.

ज्योत्स्ना म्हणाली, "तर कट्टा रिकामा ठेवणार आहेत, काकू. ती विचारते, इथले आजोबा कुठं आहेत? आणि एक जण सांगतो, गेले. तेवढंच वाक्य आहे."

कलाबाई चटईची एक सुटलेली काडी बोटाने दाबत राहिल्या. काडी पुन्हा पुन्हा वर येत होती.

"म्हंजी तिथंबी मारणार."

ज्योत्स्नाने होकारार्थी मान हलवली.

"हितं गेले ते गेले," कलाबाई म्हणाल्या. "तिथं तरी ऱ्हाऊ द्या त्यांला."

त्या उठून आत गेल्या. या वेळी ट्रंकेचा आवाज आला नाही. पटका आणि काठी ज्योत्स्नाच्या पुढ्यात ठेवून त्यांनी एकच अट घातली. हाक त्या मारणार नाहीत.

शूटिंगच्या दिवशी हरिबांना कलाबाईंच्याच घरात तयार केलं. पटका कसा बांधायचा ते बघायला ज्योत्स्नाने टॅबवर जुने फोटो काढले आणि कलाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. घरात भगवानरावांचा एकच फोटो होता, आधार कार्डावरचा मोठा करून घेतलेला, त्यात ते कुणीतरी दम दिल्यासारखे बघत होते. इथं शेकडो होते. पटक्याची गाठ. कानामागचा तीळ. टाचेच्या भेगा. काठीवरचा हात. सदऱ्याचं वरून दुसरं बटण, ते कायम उघडं. नुसतं जुळवाजुळवीसाठी काढलेले फोटो, कुणी जपून ठेवावे म्हणून नव्हे. कलाबाईंनी ज्योत्स्नाला बोट सरकवू दिलं नाही. एकेक फोटो स्वतः सरकवत, शेवटपर्यंत बघितले. मग म्हणाल्या, गाठ डावीकडं घ्या, आणि भाकऱ्या करायला चुलीकडे गेल्या. शूटिंग असो नाही तर काही असो, जेवायची वेळ टळत नाही.

आतून त्यांना सगळं ऐकू येत होतं. कुणीतरी शांत राहायला सांगितलं. मग ज्योत्स्नाने हाक मारली, आजोबा, चला जेवायला. थोड्या वेळाने कट. पुन्हा तेच. हरिबा हजेरीला उभं राहिल्यासारखे उठत होते, आणि त्यांचा तरी काय दोष. तीन वर्षांमागं बायको गेल्यापासून त्यांना जेवायला हाक मारणारं कुणी नव्हतं. तिसऱ्या खेपेला डायरेक्टर म्हणाला, बाबा, भूक लागलेली दिसू द्या. चौथ्या खेपेला कलाबाईंनी तव्यावरची भाकरी तशीच सोडली.

अशी कोण हाक मारतं, असं सांगायलाच त्या दारात आल्या होत्या. पिठाचे हात तसेच होते. समोर कडुलिंब, त्याखाली पाठ, पाठीवर पटक्याचा शेव, उजव्या हाताला काठी. ते हरिबा आहेत हे त्यांना माहीत होतं. तासाभरापूर्वी त्यांनीच त्यांना चहा दिला होता. तरी तोंडातून गेलंच.

"आवो, उठा की. ताट केलंय."

हरिबा वळले. चेहरा हरिबांचा होता आणि डोळे पाण्याने भरले होते.

कट झालं. डायरेक्टर रागावला नाही. उलट जवळ आला आणि हात जोडून म्हणाला, हीच हाक पाहिजे, पुन्हा माराल का. कलाबाईंचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्या कट्ट्याकडे बघत होत्या.

"अण्णा," त्या हरिबांना म्हणाल्या, "वळून बघू नका. ते कवा वळले न्हाईत."

हरिबांनी पटक्याच्या शेवाने डोळे पुसले आणि पाठ करून बसले. सगळे गप्प झाले. कलाबाईंनी हाक मारली. पटका जरा हलला. हात काठीकडे गेला, दुसरा गुडघ्यावर, आणि माणूस उठला. पहिल्या हाकेला.

ओके झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बालाजीने बायकोला खूण केली, छत्र्या आणि पेट्या उचलायची गडबड सुरू झाली. आत भाकरी करपल्याचा वास सुटला होता. कलाबाई दारातून हलल्या नाहीत. ज्योत्स्ना जवळून चालली, तेव्हा त्यांनी तिला हाताने थांबवलं.

"अजून एकदा व्हईल का?"

"छान झालंय, काकू," ज्योत्स्ना म्हणाली. "आता गरज नाही."

"मला हाय."

ज्योत्स्नाने त्यांच्या हातांकडे बघितलं. पीठ वाळून बोटांवर चिरा पडल्या होत्या. मग ती टॅब उघडून त्यात बघत राहिली, खाली-वर करत, आणि तशीच डायरेक्टरकडे गेली. जुळत नाही म्हणाली. मालिकेत सदऱ्याचं दुसरं बटण उघडं आहे, आत्ता लावलेलं होतं, पुन्हा घ्यावं लागेल. डायरेक्टर ऊन उतरल्याची कुरकुर करत परत खुर्चीत बसला. ज्योत्स्नाने कट्ट्यापाशी जाऊन हरिबांना बटण उघडायला सांगितलं.

हरिबांनी छातीवर हात नेला. बटण उघडंच होतं. त्यांनी एकदा ज्योत्स्नाकडे बघितलं, एकदा दारात उभ्या कलाबाईंकडे. मग उघडं बटण उघडल्यासारखं केलं, काठी उजव्या हाताला ठेवली आणि दाराकडे पाठ करून बसले.

डायरेक्टरने खूण केली. कलाबाईंनी लगेच हाक मारली नाही. थोडा वेळ त्यांनी त्यांना बसू दिलं.